कुलूप मेन ब्रँचला लावा, अख्ख्या रिपॉझिटरीला नको

जळगावात पाच जणांची टीम, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) दोनदा कुणीतरी अर्धवट कोड थेट मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य ब्रँचवर (शाखेवर) ढकलला, म्हणून रिपॉझिटरीचा (कोडचं सामायिक कोठार) सगळ्यांचा राइट ॲक्सेस (बदल चढवायचा अधिकार) काढून एकट्याकडे ठेवू का, असं विचारलंय तुम्ही.

नका काढू, भाऊ. ॲक्सेस गेला तरी पोरं कोड लिहायची थांबत नाहीत, फक्त पुश करायची (सर्व्हरवर चढवायची) थांबतात. आठवड्याचं काम लॅपटॉपवर पडून राहतं आणि एखादी हार्डडिस्क गेली की सगळंच गेलं.

सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही काटापावतीचं सॉफ्टवेअर करायचो. ऐन कटाईत नव्या मुलाचा पुश रिजेक्ट झाला. सर्व्हरवर दोघांचे कमिट (नोंदवलेले बदल) आधीच आले होते, ते त्याच्याकडे नव्हते. त्यानं पुल न करता (ते उतरवून न घेता) फोर्स लावला, म्हणजे जबरदस्तीनं आपलं वर चढवलं. मेनवरून दोन दिवसांचं काम गायब! दुसऱ्याच्या लॅपटॉपवर रिफ्लॉगमध्ये (गिटनं त्या मशीनवर ठेवलेली हालचालींची नोंद) जुना हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) सापडला, तिथून ब्रँच काढून परत चढवली. मुलाला मी बोललो नाही. सर्व्हरनं तो फोर्स घ्यायलाच नको होता.

गिटलॅबवर (रिपॉझिटरी ठेवायची सेवा) असाल तर प्रोटेक्टेड ब्रँचमध्ये मेनला थेट पुश 'नो वन' (कुणीच नाही) आणि मर्ज (दुसरी ब्रँच मेनमध्ये मिसळणं) 'मेंटेनर्स' (प्रोजेक्ट सांभाळणारे) ठेवा. बाकी ब्रँचवर सगळ्यांना मोकळीक. गिटहब या तशाच सेवेवर हीच सोय आहे, पण खाजगी रिपॉझिटरीला फुकटच्या प्लॅनमध्ये मिळत नाही. तिथे ॲडमिनलाही नियम लागू होईल अशी खूण करा, नाहीतर घाईत पहिला नियम तुम्हीच मोडाल.

स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यावरच्या गिटची 'रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स' ही सेटिंग ट्रू करा. त्यानं फोर्स थांबतो, साधा पुश नाही. कोण पुश करतंय ते तपासायला कमिटवरचं नाव बघू नका. गिट कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगमध्ये) कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतो. प्रत्येकाची वेगळी एसएसएच की (सर्व्हरवर शिरायची डिजिटल किल्ली) घ्या आणि गिटोलाइट (गिट सर्व्हरवर कुणाला काय करता येईल ते ठरवणारं सॉफ्टवेअर) बसवा, ते कीवरून माणूस ओळखतं. लॅपटॉपवरच्या प्री-पुश हुकवर (पुशआधी आपोआप चालणारी तपासणी) विसंबू नका, 'नो-व्हेरिफाय' लावलं की तो बाजूला होतो.

मर्जचा अधिकार मात्र दोघांकडे हवाच. आमच्याकडे तो एकट्याकडे होता. तो लग्नाला शिरपूरला गेला, फोन लागेना, तयार दुरुस्ती रात्रभर अडली आणि सकाळी केळीच्या गाड्या काट्यापाशी रांगेत उभ्या होत्या.