बुजवलेल्या खाणीवर देशी गवत पेरलं तर येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं गायरान, तिथली दगड-मुरमाची खाण बंद झाली, खड्डा बुजवून जेसीबीने सपाट केला, जागा साडेतीन एकर. यंदा मृगात देशी गवताचं बी टाकलं तर येईल का, आणि कुठलं बी घ्यायचं?

'सपाट केला' वाचलं आणि पोटात गोळाच आला. शेजारच्या खटाव तालुक्यात अशाच एका बुजवलेल्या खाणीवर आम्ही पाच जण सहा वर्षं राबतोय. पहिल्या वर्षीचं सगळं बी वाया गेलं. दोष बियाचा नव्हता. डंपर आणि जेसीबी फिरून मुरूम इतका दाबला गेला होता की पहार मारली तर ठण्ण वाजायची. वळीव पडला, बी पाण्यावर तरंगत खालच्या बांधाला जाऊन बसलं. तिथं मात्र हिरवीगार रेघ उगवली, दोरी लावून पेरल्यासारखी. बाकी रान बोडकंच.

म्हणून बियाचं नंतर बघा. आधी मे महिन्यात, जमीन खडखडीत कोरडी असताना, ट्रॅक्टरला सबसॉइलर (जमीन खोल फोडणारा लांब फाळ) लावून उताराला आडवं दीड-दोन फूट खोल फोडून घ्या. कोरड्यात ती आडवीतिडवी तडकते. ओल असताना फोडलं तर फाळ लोण्यात सुरी फिरवल्यासारखा निघून जातो, मागे नुसती चीर उरते. मग जेसीबीच्या बकेटने जागोजागी वीतभर खोल खळगे करा आणि ढेकळं आहेत तशी राहू द्या. आमचा ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, कॅरम बोर्डासारखं करून देतो की!" त्याला हात जोडून थांबवावं लागलं. खळग्यात पाणी थांबतं, वाऱ्याने आलेली माती थांबते, लेंड्या थांबतात, बी थांबतं. आमच्याकडे पहिली दोन वर्षं जे काही जगलं ते या खळग्यांतच. भरावाच्या कडेला उभा उतार राहिला असेल तर तो तीनास एक (तीन फूट आडवं गेल्यावर एक फूट उतार) इतका तरी उतरता करून घ्या, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात घळी पडतील.

खाण सुरू करताना वरची वीतभर माती काढून ठेवली होती का, हे गावात विचारा. ढीग सापडला तर ती माती सगळीकडे पातळ पसरू नका, त्या खळग्यांत टाका. जुनं बी, मुळांना साथ देणारी बुरशी, सगळं त्यातच असतं. मात्र उंच ढिगाच्या पोटातली माती वर्षानुवर्षं दाबून राहिली की जवळपास मेलेली असते. माती नाहीच मिळाली तर 'तलावातला गाळ आणून टाका' असा सल्ला हमखास मिळेल. मी टाकणार नाही. मुरमाड माळावरच्या गवताला मुरूमच मानवतो. गाळ आणि खत घातलं की आधी गाजर गवत माजतं.

आता बी. दुकानातून आणू नका. तुमच्याच तालुक्यात, तसल्याच मुरमाड टेकडीवर, दिवाळीच्या आगेमागे पोतं घेऊन जा. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी, यातलं जे गवत सापडेल त्याचं बी. कुसळीचं एक बी तळहातावर ठेवून त्यावर थुंकीचा थेंब टाका. शेपटीला पीळ असतो, तो ओल लागताच सुटायला लागतो आणि बी हातावर गोल गोल फिरतं. जमिनीवर ते असंच स्वतःला आत रुजवून घेतं. (मेंढीच्या लोकरीत शिरूनही हेच करतं, म्हणून धनगर त्याला शिव्या घालतात. फुलोऱ्याआधी मात्र मेंढ्या तेच आवडीने खातात.) ताजं कुसळी बी सहसा लगेच उगवत नाही, काही महिने झोपून राहतं. त्यामुळे दिवाळीत गोळा करून पुढच्या पावसाळ्यात पेरणं सोयीचंच पडतं.

दाणा आहे की नुसतं फोलपट, हे नखाने दाबून बघा. आमच्या मारवेलच्या एका पोत्यात शंभरांत जेमतेम वीस भरलेले निघाले होते. असलं पिसासारखं बी मुठीतून सुटतही नाही. ओलसर वाळूत कालवून टाका, किंवा माती-शेणाच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. मुंग्याही मग कमी नेतात. त्याहून सोपी रीत म्हणजे बी धरलेलं गवतच कापून ठेवायचं आणि जूनमध्ये तेच खळग्यांवर पातळ अंथरायचं. बी पडतं आणि आच्छादनही होतं. बी खोल गाडायचं नाही, वर बोटाच्या पेरापेक्षा कमी माती बास होते.

मृगावर सगळा डाव लावू नका. आपल्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला भरवशाचा बराचसा उत्तरा-हस्तात. जूनमध्ये उगवलेलं जुलैच्या उघडिपीत करपतं. एक वाटा मृगात, एक पूर्वा लागताना, आणि एक वाटा पोत्यातच, पुढच्या सालासाठी.

दुसऱ्या वर्षी आम्ही हौसेने खतासाठी मेंढ्या बसवल्या, त्याही उन्हाळ्यात. मेंढ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेल्या. पावसाळ्यात लेंड्यांतून वेडी बाभूळ तरारली, ती उपटण्यात पुढची दोन वर्षं गेली. चूक आमची, मेंढ्यांची नाही. तुम्ही निदान दोन पावसाळे चराई पूर्ण बंद ठेवा, पण मेंढपाळांशी आधी बसून बोला आणि कापलेलं गवत कुणाला मिळणार ते तेव्हाच ठरवा. नुसतं तारेचं कुंपण एका रात्रीत वाकतं.

खर्च कुणी करायचा, हेही विचारून घ्या. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की खाणपट्ट्याच्या अटींतच हे घाला: खाणकाम संपलं की पट्टेधारकाने तिथं पुन्हा गवत लावायचं आणि जमीन चारा-वनस्पती उगवण्याजोगी करून द्यायची. तुमच्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या कागदात ही अट आहे का ते पाहा, माहिती अधिकारात कागद मागवता येतो. अमेरिकेत उघड्या कोळसा खाणींसाठी १९७७चा कायदा आहे. पेरलेलं जगवण्याची खाणवाल्याची जबाबदारी एरवी ५ वर्षं, पण वर्षाचा पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी असेल तिथं १० वर्षं. २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. माण त्याच्याही खाली. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात हिरवंगार दिसेल असं सरपंचांना सांगून बसू नका.

झाडांचे खड्डे घ्यायला कुणीतरी येईलच. सुबाभूळ, गिरिपुष्प सरळ नाही म्हणा. फारच आग्रह झाला तर कडेने हिवर, बोर, तरवड, हेकळ यांचं बी टोकून द्या, मधला माळ गवताला सोडा. आमच्याकडे पाचव्या वर्षी तिथं चंडोलाचं घरटं दिसलं, गवताच्या ठोंबाच्या बुडाशी, अगदी जमिनीवर.

पहिल्या ऑक्टोबरात रान बघून निराश व्हाल. तेव्हा गुडघ्यावर बसून एकेका खळग्यात किती ठोंब आहेत ते मोजा आणि त्याचे फोटो इथं टाका. ड्रोनचे नकोत.