अचलपूरला पहिल्यांदा जाताय?

सगळे परतवाड्यात चहा घेऊन थेट चिखलदऱ्याला पळतात. तसं करू नका भाऊ. एक सकाळ अचलपूरला द्या. इथं गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक. ती फिनले कापडगिरणी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली. फाटकापाशी उभं राहून फोटो काढत बसण्यापेक्षा जवळच्या टपरीवर बसा. एखादा जुना कामगार भेटलाच तर दिवसपाळी-रात्रपाळीच्या गोष्टी तोच सुरू करेल, तुम्ही फक्त ऐका. कापूस वाहणारी नॅरोगेज शकुंतला रेल्वेही आता थांबलीय. स्टेशन मात्र बघाच. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी, म्हणून हौज कटोरा ही जुनी वास्तूही चुकवू नका.

मग चिखलदऱ्याचा घाट. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. पहिल्या खेपेला मी दुपारी चारला निघालो अन् जीव मुठीत धरून पोचलो. तुम्ही सकाळीच निघा, पेट्रोल परतवाड्यातच भरा. वर भीमकुंडाची दरी बघा; कीचकाला मारून भीमानं इथं हात धुतले म्हणतात. गाविलगड किल्ल्याला अर्धा दिवस हवाच. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीनं तो घेतला, पण तटावरून दऱ्या बघितल्या की इतकी अवघड जागा पडली कशी, हाच प्रश्न पडतो. बूट चांगले घाला, पाणी सोबत ठेवा. चिखलदऱ्याची कॉफी पिऊन बघा, आपल्या महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं पिकते?

डिसेंबर-जानेवारीत आलात तर बहिरमची यात्रा असते. हंडीतलं मटण अन् रोडगे. त्या दिवशी डब्बा नेऊ नका.