डेटा प्रायव्हसीवरच्या विभागीय मूट कोर्ट (कायद्याच्या विद्यार्थ्यांचा सराव-खटला) स्पर्धेची तयारी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहात, बारावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेजकडून पहिल्यांदाच विभागीय मूटला जाताय. प्रॉब्लेममध्ये एका खासगी ट्रस्टच्या शाळेने मुलांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर सुरू केली, जानेवारी २०२६ मध्ये ॲप कंपनीकडचा डेटा फुटला आणि पालक रिट (हक्कांच्या रक्षणासाठीची याचिका) घेऊन हायकोर्टात आले. तुम्ही पालकांच्या बाजूने आहात.

तारखांपासून सुरुवात करा. प्रायव्हसीला मूलभूत हक्क ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल मागाहून.

मी वकिली करतो आणि विद्यार्थ्यांच्या मूटला बेंचवर, म्हणजे न्यायाधीश म्हणून, बसतो. विषय प्रायव्हसीचा असला की बहुतेक टीम पहिली काही मिनिटं एम. पी. शर्मा, खरक सिंग हे प्रायव्हसीवरचे जुने निकाल, मग आणीबाणीतला एडीएम जबलपूर यांवर घालवतात. वडील यशवंतराव चंद्रचूड १९७६ साली ज्या बहुमतात होते, तो निकाल २०१७ साली मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी चुकीचा ठरवला, हेही सांगतात. गोष्ट सुंदरच आहे. पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगून टाकलंय. त्यावर तुमच्याशी कुणी वाद घालणार नाही. बेंचला पुढचं ऐकायचं असतं: या दिवशी, या शाळेला, या कंपनीला नेमका कोणता कायदा लागू होता?

इथेच टीम घसरतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ चा आहे, राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ची. पण तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा डेटा प्रोटेक्शन बोर्डाची आणि व्याख्यांची कलमं लगेच लागू झाली. संमती, मुलांचा डेटा, सुरक्षेची जबाबदारी ही मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी. म्हणजे जानेवारी २०२६ च्या घटनेला या कायद्याचं मुलांच्या डेटावरचं कलम ९ लावून 'पालकांची पडताळलेली संमती नव्हती' असा युक्तिवाद केलात, तर समोरची बाजू एका वाक्यात तो खाली बसवेल.

मग हातात काय उरतं? आयटी ॲक्टचं (माहिती तंत्रज्ञान कायदा) कलम ४३अ आणि त्याखालचे संवेदनशील डेटाबद्दलचे २०११ चे नियम. नव्या कायद्याने ४३अ काढायचं ठरवलंय, पण तेही त्याच अठरा महिन्यांनी. आणि पालकांसाठी हे जुनं कलमच जास्त कामाचं आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्या कायद्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारच्या संचित निधीत जमा होतो. ज्याच्या मुलाचा चेहरा फुटला त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. ४३अ मध्ये नुकसानभरपाई आहे. २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक्स हा संवेदनशील डेटा आहे आणि त्याच्या व्याख्येत चेहऱ्याची ठेवण स्पष्ट शब्दांत येते. ती व्याख्या छापून कंपेंडियममध्ये (बेंचला द्यायच्या संदर्भांच्या संचात) लावा आणि बोट ठेवून वाचून दाखवा.

एक अडचण मात्र आधीच सोडवून ठेवा. ४३अ 'बॉडी कॉर्पोरेट'ला लागू होतं, म्हणजे व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणाऱ्यांना. ॲप कंपनी त्यात सरळ बसते. धर्मादाय ट्रस्टची शाळा बसते का, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच.

दुसरा हमखास प्रश्न: 'दोघेही खासगी, मग रिट कशी?' शाळेसाठी आंडी मुक्ता, १९८९: सार्वजनिक कर्तव्य करणाऱ्या खासगी संस्थेविरुद्धही राज्यघटनेचं कलम २२६ (हायकोर्टाचा रिटचा अधिकार) चालतं. समोरचे सेंट मेरीज, २०२२ काढतील, ज्यात खासगी शाळेविरुद्धची रिट चालली नाही. तो नोकरीच्या कराराचा वाद होता, मुलांच्या शिक्षणाशी त्याचा थेट संबंध नव्हता, हा फरक सांगा. कंपनीसाठी कौशल किशोर, जानेवारी २०२३: राज्यघटनेची कलम १९ आणि २१ (स्वातंत्र्याचे आणि जीविताचे मूलभूत हक्क) खासगी व्यक्तीविरुद्धही वापरता येतात असं चार विरुद्ध एक बहुमत आहे. न्या. नागरत्ना यांचं वेगळं मतही वाचून जा. चांगला जज तेच पुढे करतो. 'ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे (आयटी ॲक्टखाली भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी) का गेला नाहीत?' याला व्हर्लपूल, १९९८: मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर दुसरा मार्ग असूनही रिट चालते.

संमतीवर तुमची खरी परीक्षा आहे. बेंच विचारेल, 'काउन्सेल, प्रवेश अर्जावर पालकांची सही आहे ना?' विद्यार्थी म्हणतो, 'माय लॉर्ड, सही सक्तीची होती.' लगेच: 'कोणता पॅरा?' आणि मग कागद चाळणं सुरू होतं. प्रॉब्लेम इतका वाचा की पॅरा क्रमांक तोंडावर असेल. नकार दिला तर दुसरी हजेरी उपलब्ध होती का, एवढंच त्यात शोधा. नसेल, तर २०११ चे नियम माहिती न देण्याचा पर्याय ठेवायला सांगतात, तिथे पकडा. जोडीला २०१८ चा आधारचा निकाल: शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येत नाही, असं बहुमताने म्हटलंय. मुलांबद्दलचा तो भाग मूळ निकालातून वाचा, सारांशातून नको. प्रपोर्शनॅलिटी (हेतूच्या मानाने उपाय जास्त कडक नसावा हे तत्त्व) इथे येते, आणि पुट्टस्वामीही इथेच: हजेरी घेणं हा हेतू योग्यच, पण रजिस्टरने भागत असताना चेहरा कशाला?

इंग्रजीची काळजी तुम्ही दोनदा लिहिलीय. मनापासून सांगतो, अडखळत पण मुद्द्याचं उत्तर देणाऱ्याला मी नेहमी जास्त गुण देतो. आधी सगळा युक्तिवाद मराठीत मोठ्याने करा, जोडीदाराला मध्येच तोडायला सांगा, मग इंग्रजीत छोटी वाक्यं बांधा. उत्तर सुचत नसेल तर तसं सांगून पुढच्या मुद्द्याची परवानगी मागा. गोलगोल बोललेलं बेंचला लगेच कळतं.

राहिली प्रेयर, म्हणजे कोर्टाकडे नेमकी मागणी. ती मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) शेवटच्या रात्री लिहिली जाते आणि तशीच दिसते. 'योग्य तो आदेश द्यावा' एवढ्यावर थांबू नका. शाळेने चेहऱ्याची हजेरी बंद करावी, कंपनीने साठवलेले नमुने पुसून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं, कोणत्या मुलाची कोणती माहिती फुटली हे प्रत्येक पालकाला लेखी कळवावं, असं वेगवेगळं मागा. भरपाईचा आकडा रिटमध्ये मागू नका. पुरावा नोंदवावा लागेल म्हणून बेंच तिथेच अडवेल. त्याऐवजी ४३अ खाली ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे जाण्याची मोकळीक राखून ठेवा. पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार त्याला आहे.