गंधमुक्तीपूर्वी काय करावे आणि काय थांबवावे

प्रश्न : आम्ही शिंदखेडा तालुक्यातील आहोत. माझे मोठे बंधू सुरतला उधना भागातील एका कारखान्यात नोकरीस होते. गेल्या आठवड्यात रात्री खोलीवर त्यांच्या छातीत दुखू लागले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते. तेथे शवविच्छेदन झाल्यावर आम्ही त्यांना गावी आणले. मागे वहिनी, दोन लहान मुले आणि आई आहेत. वडील पूर्वीच वारले असल्याने सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि दोन विवाहित बहिणी अशी नावे आहेत. भाऊबंद सांगतात की दादांच्या एटीएमने खात्यातील पैसे काढून घ्या, बहिणी आल्याच आहेत तर हक्कसोडपत्रावर सह्या उरकून घ्या, बाकीचे गंधमुक्तीनंतर, म्हणजे सुतक फिटल्यावर, पाहू. काय करावे?

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. परंतु स्पष्ट सांगणे भाग आहे, की भाऊबंदांनी सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे. ज्या कामाला कायद्याने मुदत घातली आहे ते सुतकातही करावे आणि ज्या कागदावर सही करून कोणाचा तरी हक्क जातो तो कागद या दिवसांत घरात आणूही नये.

मुदतीचे पहिले काम म्हणजे मृत्यूची नोंद. ती राहत्या गावी होत नाही, मृत्यू जेथे झाला तेथेच होते, म्हणून आपल्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. नोंद सुरत महानगरपालिकेकडेच होईल. 21 दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते, त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यापुढे वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दवाखान्याने नोंदीसाठी कळवले आहे असे गृहीत धरून बसू नये. सुरतला असलेल्या एखाद्या नातेवाइकाला शवविच्छेदनाच्या व पोलीस पंचनाम्याच्या प्रती घेऊन पाठवावे आणि दादांचे नाव आधार कार्डावर आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहिले गेले आहे ना हे तेथेच तपासायला सांगावे. गुजरातेतील दाखल्यात आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ लागले की ‘राव’, एवढ्याशा फरकाने पुढे बँक आणि भविष्यनिर्वाह निधी कार्यालय दोन्ही ठिकाणी कागद परत येतात. दाखल्याच्या चार-पाच मूळ प्रती एकदमच काढाव्यात.

सुरतचीच दुसरी फेरी कारखान्याच्या कार्यालयात. दादांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर वहिनींना केवळ साठलेली रक्कम मिळते असे नाही. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाल्यास त्याच निधीशी जोडलेल्या विमा योजनेतून जास्तीत जास्त 7 लाख रुपयांपर्यंत रक्कम वारसांना मिळू शकते, आणि 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेतून पत्नीला, तसेच दोन मुलांना त्यांच्या वयाच्या 25 वर्षांपर्यंत, मासिक निवृत्तिवेतन मिळते. यासाठी फॉर्म 20, 5-आयएफ आणि 10-डी असे तीन वेगळे अर्ज असतात; फक्त पहिला भरून घेऊन बोळवण होण्याची शक्यता असते, म्हणून तिन्ही मागावेत. उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) असलेली पाच वर्षांच्या सेवेची अट मृत्यूच्या बाबतीत लागू होत नाही, हेही मालकाला ठामपणे सांगावे.

एटीएमचा सल्ला मुळीच ऐकू नये. खातेदाराच्या मृत्यूनंतर ती रक्कम वारसांची होते. मृत्यूच्या तारखेनंतर काढलेला प्रत्येक रुपया खातेउताऱ्यावर तारखेसह दिसतो आणि उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर वहिनींना द्यावे लागते. खात्यावर नामनिर्देशन असेल, तर दाखला व ओळखपत्रासह अर्ज करावा. कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. नामनिर्देशित व्यक्ती ही सर्व वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारी असते, एकटी मालक होत नाही, एवढे घरातच बोलून ठेवावे. दादांचे सिमकार्ड मात्र बंद करू नका. पुढचे कितीतरी निरोप त्याच क्रमांकावर येतात.

पासबुक घरी असेल तर मे महिन्याच्या अखेरीची पाने उलटून पाहा. 436 रुपयांची वजावट दिसली तर ती जीवनज्योती विम्याची आहे. त्यात आजाराने आलेल्या मृत्यूलाही 2 लाख रुपये मिळतात. 20 रुपयांची वजावट सुरक्षा विम्याची असते आणि तो फक्त अपघाताला लागू आहे, त्यामुळे हृदयविकाराच्या मृत्यूत तिची आशा धरू नये.

आता शेत. दादांच्या हिश्शाला वहिनी, दोन्ही मुले आणि आई यांचीच नावे लागतील. बहिणी त्या हिश्शाच्या वारस नाहीत, आणि तुम्हीही नाही. बहिणींचे नाव सातबाऱ्यावर आहे ते वडिलांच्या वारस म्हणून, आणि दादांच्या जाण्याने त्यात काहीही कमी-जास्त होत नाही. मग हक्कसोडपत्राची ही घाई कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न भाऊबंदांना विचारायला हरकत नाही. शिवाय नोंदणी न केलेल्या, नुसत्या मुद्रांकावर सह्या केलेल्या हक्कसोडपत्राने हक्क जात नाही. फक्त भांडण उभे राहते.

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, करावा. तो ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. फेरफाराची नोटीस निघून हरकतीची 15 दिवसांची मुदत संपली, की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून त्यांच्या आईचे नाव लागले आहे ना, हे उतारा हातात आल्यावर पाहावे. तेथे काकांचे किंवा आजोळच्या कोणाचे नाव लावून घेण्याची सूचना आली तरी मानू नये. विकासोचे, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे, पीककर्ज असेल, तर वारसांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. सांत्वनाला आलेल्या सावकाराच्या नव्या चिठ्ठीवर वहिनींची सही होऊ देऊ नका.

प्रश्न : केळीच्या बागेत पाणी देताना सर्पदंश होऊन माझे पती वारले. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. शेतकरी अपघात योजनेचा लाभ मिळेल का? (रावेर तालुका)

उत्तर : मिळू शकतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराबरोबरच, खातेदार नसलेला कुटुंबातील एक सदस्यही येतो आणि मुलगा त्यात धरला जातो. वय 10 ते 75 च्या दरम्यान असावे लागते. मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा आहे. शवविच्छेदन अहवाल यायला उशीर होत असेल तरी हाती असलेल्या कागदांसह अर्ज आधी देऊन पोच घ्यावी आणि अहवाल मागाहून जोडावा.