भाऊ गेला; त्याच्या स्टीमवरच्या गेम्स पुतण्याच्या नावावर करता येतील का?

नाही. स्टीम हे कॉम्प्युटर गेम्सचं ऑनलाइन दुकान आहे; तिथं पैसे भरले तरी आपल्याला गेम मिळत नाही, खेळायचा परवाना मिळतो. स्टीमच्या करारात खातं दुसऱ्याला देता येत नाही, आणि मृत्युपत्रातूनही ते चालत नाही, असं त्यांच्या सपोर्टने २०२४ मध्ये एका ग्राहकाला कळवलं होतं. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या असतील तर इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवायच्या फाइल्स, उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा, त्या लॉगिनशिवाय चालतात.

आणि एक कळकळीनं सांगतो, लॅपटॉप घाईघाईत फॉरमॅट करू नका. आधी सेव्ह फाइल्स, म्हणजे खेळ कुठवर आला होता ते जपणाऱ्या फाइल्स, पेनड्राइव्हवर घ्या. इथं नागपुरात, महाल भागातल्या घरी, माझी मावशी आजही मुलाचा अर्धवट राहिलेला क्रिकेटचा डाव उघडून बसते. ४३ धावा, ६ विकेट शिल्लक. पुढचा चेंडू ती खेळत नाही.