ग्रे साहेबांची झाकली मूठ

प्रश्न : नमस्कार सर, माझ्या भाच्याने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला एडवर्ड ग्रे हा विषय घेतलाय, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री. एका ठिकाणी वाचलं की हा माणूस शांततेसाठी शेवटपर्यंत धडपडत होता, दुसरीकडे लिहिलंय याच्यामुळेच युद्ध पेटलं. पोरगा पार गोंधळलाय, नक्की काय सांगायचं? – एक मावशी, सदाशिव पेठ

उत्तर : मावशी, दोन्ही थोडं थोडं खरं आहे, पण मला विचाराल तर त्याचा गुन्हा एकच, वेळेवर स्पष्ट बोलला नाही. आपल्याकडे म्हणतात ना झाकली मूठ सव्वा लाखाची, ग्रे साहेबांनी ती मूठ इतकी वर्षं झाकून ठेवली की बाहेरच्यांचं सोडा, घरच्यांनाही आत काय आहे ते कळेना.

माणूस मोठा गमतीदार. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजातून आळशीपणामुळे घरी पाठवलेला, आणि १९२८ साली त्याच ऑक्सफर्डचा चॅन्सलर म्हणजे कुलपती झाला (हे भाच्याने स्पर्धेत जरूर सांगावं, पब्लिक हसतं). मासे पकडायचे आणि पक्षी ऐकायचे हा खरा जीव. १९१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले तर त्यांना इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट जंगलात पक्ष्यांचे आवाज ऐकवत फिरवलं. डिसेंबर १९०५ ते डिसेंबर १९१६, सलग अकरा वर्षं परराष्ट्र खातं सांभाळलं, तेवढं सलग तिथे दुसऱ्या कुणी टिकलेलं नाही. आणि एवढ्या काळात ऑफिशियल कामाने परदेशी पहिल्यांदा गेला तो थेट एप्रिल १९१४ मध्ये, राजाबरोबर पॅरिसला! मंत्री झाल्यावर दोनच महिन्यांत बायको अपघातात गेली, त्यानंतर कामातच बुडाला.

आता मूळ मुद्दा. १९०६ च्या जानेवारीत त्याने इंग्लंड आणि फ्रान्सच्या लष्करी अधिकाऱ्यांना आपसात बोलू दिलं, म्हणजे उद्या जर्मनी अंगावर आला तर काय करायचं वगैरे. पंतप्रधानांना आणि एक-दोघांना माहीत होतं पण सगळ्या कॅबिनेटला हे कळलं १९११ मध्ये! पाच वर्षांनी! मग चिडलेल्यांना शांत करायला नोव्हेंबर १९१२ मध्ये फ्रान्सच्या राजदूताशी पत्रांची देवाणघेवाण झाली की बाबांनो, ही नुसती चर्चा आहे, वचन नाही. पण तोपर्यंत फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात आणि इंग्रजांचं उत्तर समुद्रात अशी वाटणी होऊन बसली होती, म्हणजे फ्रान्सचा उत्तर किनारा इंग्रजांच्याच भरवशावर, मग वचन नाही कसं? कागदावर नाही, एवढंच.

त्याची बाजूही ऐका. १९१२-१३ मध्ये आग्नेय युरोपातल्या बाल्कन युद्धाच्या वेळी त्याने लंडनमध्ये सगळ्या राजदूतांना एका टेबलाशी बसवलं आणि मोठ्या देशांमधलं भांडण टाळलं. म्हणून १९१४ मध्येही वाटलं असणार तेच जमेल. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या (आपले लोकमान्य मंडालेहून सुटून पुण्यात येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते), २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, आणि २६ ला ग्रेने सुचवलं की इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली चौघांनी बसून मिटवू. जर्मनी नाही म्हणाला. २९ ला त्याने जर्मन राजदूताला सांगितलं की फ्रान्स यात ओढला गेला तर आम्हाला फार दिवस बाजूला राहता येणार नाही, पण हे बोलायला फार उशीर झाला होता. आधी का नाही बोलला? तर अर्धं कॅबिनेट युद्धाच्या विरोधात, ठाम बोलला असता तर सरकारच पडलं असतं. शेवटी बेल्जियमने प्रश्न सोडवला, जर्मनी त्याच्यातून फ्रान्सवर चालून निघाला आणि १८३९ च्या तहाप्रमाणे इंग्लंडला त्याचं तटस्थपण जपायचं होतं, ३ ऑगस्टला पार्लमेंटमध्ये भाषण आणि ४ तारखेला रात्री ११ ला युद्ध. त्या भाषणात १९१२ चं पत्र वाचून दाखवलं पण शेवटचं वाक्य गाळून, आणि ते नेमकं लष्करी प्लॅनबद्दलचं! मला तरी हे चुकून झालं असं वाटत नाही.

प्रश्न : "सगळ्या युरोपातले दिवे विझताहेत" हे त्याचंच वाक्य ना? आणि पुण्याचा काही संबंध जोडता येईल का? – त्याच मावशी

उत्तर : हो, त्याचंच. ३ ऑगस्टच्या संध्याकाळी ऑफिसच्या खिडकीतून बोलला, आणि गंमत म्हणजे खाली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लावत होते. त्याची स्वतःची नजरही तोवर अधू होत चालली होती.

पुण्याचं म्हणाल तर युद्ध सुरू झालं तेव्हा गोखले तिकडेच होते, फ्रान्समध्ये अडकलेले, आणि ६ ऑगस्टला लंडनला पोचलेल्या गांधीजींना त्यांची वाट बघत बसावं लागलं. आणि इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या कूत गावी तिला तुर्कांना शरण जावं लागलं, तेव्हा ग्रे अजून त्याच खुर्चीत होता. भाच्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीत घेऊन जा, तिथे १९१४-१८ चं मेमोरियल आहे, पण सकाळीच जा, दुपारी फार ऊन लागतं.