म्युनिकला यायचं म्हणतोस, तर

म्युनिकची ऑफर आलीय, बायको आणि चार वर्षांची लेक सोबत येणार. तिथलं रोजचं जगणं कसं असतं आणि लोक खरंच तुसडे आहेत का, असं तू विचारलंस. पगाराचं आणि कराचं गणित तू मांडलंच असशील, ते सोडतो.

लोक तुसडे नाहीत. जिन्यात भेटलेला अनोळखी शेजारीसुद्धा ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणतो, आणि तू गप्प राहिलास तर ते त्याच्या लक्षात राहतं. फक्त ‘सहज आलो होतो’ हा प्रकार इथे नाही. कॉफीला भेटायचं तरी तारीख आधी ठरते. मैत्री जमते ती मंडळांतून. गाणं, फुटबॉल, डोंगर, जवळजवळ प्रत्येक छंदाचं रीतसर नोंदवलेलं मंडळ असतं. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाची सोय आहेच, आल्प्स रेल्वेने तास-दीड तासावर.

खरा दम काढतं ते घर. जाहिरातीतलं ‘काल्ट’ भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. ‘वार्म’मध्ये हीटिंग, पाणी, देखभाल येते, घरातली वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी. आणि दचकू नकोस, बऱ्याच फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती नि नळाची जोडणी. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू उचलून नेतो, नाहीतर तुलाच विकतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. आणि बेलवर, पत्रपेटीवर आडनाव पहिल्याच दिवशी लाव. पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नावावरच चालतो. नाव दिसलं नाही की बँकेचं कार्ड, कर-क्रमांकाचं पत्र, सगळं आल्या पावली परत. हा देश अजून कागदी पत्रांवर चालतो.

रविवारी दुकानं बंद, एरवीही रात्री आठला शटर खाली. रविवारी शांतता पाळायची, त्यामुळे ड्रिल वगैरे विसर. वाटण शनिवारीच करून ठेवलेलं बरं. सुरुवातीला हा रविवार अंगावर येतो. पुढे तोच आवडायला लागतो, निदान मला तरी.

पाणी खुशाल नळाचं पी. बरंचसं आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून येतं. बाटल्या नि कॅन टाकू नकोस, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. मेट्रोला फाटक नाही म्हणून तिकीट टाळायचा मोह होतो. तपासनीस साध्या कपड्यांत असतो आणि दंड 60 युरो. उन्हाळ्यात बिअर गार्डनला डबा घेऊन जा. पेय त्यांचं घ्यायचं, खाणं स्वतःचं चालतं, ही जुनी बव्हेरियन रीत आहे. इंग्लिश गार्डन बागेतल्या चिनी मनोऱ्याखाली थालीपीठ खाताना कुणी वळूनही बघत नाही.

आता बायकोचं. तुला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास-परवाना, मिळणार असेल तर तिला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि नोकरीची पूर्ण मुभा असते. पण भाषेशिवाय मुभेचा उपयोग थोडाच. पुण्यातच मॅक्स म्युलर भवनात तिचा वर्ग सुरू कर. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधारतं, तू ऑफिसात असतोस आणि ती घरात. शक्य असेल तर रुजू व्हायची तारीख वसंतातली मागून घे. लेकीच्या किंडरगार्टनचं, म्हणजे बालवाडीचं, वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, जागांसाठी मारामारी असते, तेव्हा अर्ज भरायलाही तेवढा वेळ हाताशी राहील.